एलिनॉर ऑस्ट्रॉम : राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, अर्थशास्त्राचं नोबेल आणि आपली मुंबई

शिवडीकर

अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री कोण, हे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पाठ असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९. पण या बाईंनी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, हे विचारलं तर उत्तर येत नाही. मी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. संविधान, संसद, पक्ष, निवडणुका यांतच आमचा विषय फिरत राहिला. चार माणसं एकत्र बसून स्वतःसाठी नियम करतात, ते पाळतात, मोडणाऱ्याला जाब विचारतात, हेही राज्यशास्त्रच आहे, हे मला ऑस्ट्रॉमबाई वाचल्यावर नीट कळलं. म्हणून हा धागा. लांबला तर सांभाळून घ्या.

जन्म ७ ऑगस्ट १९३३, लॉस एंजेलिस. घरची परिस्थिती ओढगस्तीची, शाळा मात्र बेव्हर्ली हिल्सची, म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची. बीजगणित आणि भूमितीत अव्वल गुण नसलेल्या मुलींना त्या शाळेत त्रिकोणमिती घेऊ देत नसत. ही एवढीशी गोष्ट पुढे फार महाग पडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून १९५४ साली राज्यशास्त्राची पदवी घेतली. नोकरी शोधायला गेल्या, तर पहिला प्रश्न टायपिंग आणि शॉर्टहँड येतं का. काही वर्षं नोकरी करून पीएच.डी.साठी त्या परत विद्यापीठात आल्या, तेव्हा अर्थशास्त्र विभागाने गणिताची तयारी नाही म्हणून नाउमेद केलं. राज्यशास्त्र विभागाने घेतलं, पण तिथेही चाळीस जणांच्या तुकडीत चार बायका कशाला घेतल्या, अशी कुरबूर झालीच.

प्रबंधाचा विषय होता जमिनीखालचं पाणी. व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्या चर्चासत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक भूजल खोरं वाटून दिलं होतं. एलिनॉर यांच्या वाट्याला लॉस एंजेलिसजवळचं वेस्ट बेसिन आलं. किनाऱ्यालगतचं खोरं, शेकडो जण पंप लावून उपसा करणारे, त्यामुळे समुद्राचं खारं पाणी आत शिरत चाललेलं. वसई-उरणच्या लोकांना विहिरीचं पाणी मचूळ होणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी संघ काढला, आकडे गोळा केले, कोर्टात गेले आणि कोर्टाच्या छत्राखाली आपसात तडजोड करून प्रत्येकाचा उपसा कमी करून घेतला. पुढे स्वतःवर कर बसवणारी संस्था उभी करून किनाऱ्यालगत जमिनीत गोडं पाणी सोडलं आणि खाऱ्या पाण्याला अडवलं. तरुण एलिनॉर त्यांच्या बैठकांना बसत होत्या, इतिवृत्तं वाचत होत्या. १९६५ साली पीएच.डी. मिळाली.

त्याआधी १९६३ मध्ये व्हिन्सेंट यांच्याशी लग्न झालं होतं. १९६५ मध्ये व्हिन्सेंट यांना इंडियाना विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं आणि दोघं ब्लूमिंग्टनला गेले. बाईंना आधी काहीच नव्हतं. मग अमेरिकन शासनव्यवस्थेचा प्राथमिक वर्ग मिळाला : मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसातला. दुसऱ्या कुणाला नको असलेला तास! तिथून १९७४ साली पूर्ण प्राध्यापक, १९८० ते १९८४ विभागप्रमुख, १९९६-९७ मध्ये अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या अध्यक्षा, १९९९ साली राज्यशास्त्रातलं मानाचं योहान श्युटे पारितोषिक. म्हणजे स्टॉकहोमचा फोन यायच्या दहा वर्षं आधीच त्यांच्या स्वतःच्या विषयाने त्यांना मानलं होतं. २००९ मध्ये पुष्कळ अर्थतज्ज्ञ ‘या कोण?’ म्हणून विचारत होते, तो अर्थतज्ज्ञांचा प्रश्न.

आता मुख्य काम. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की सामायिक गायरान असलं की प्रत्येक जण आपली गुरं वाढवणार आणि गायरान उजाड होणार. त्याच्या मते उपाय दोनच, सरकारी ताबा नाहीतर खासगी मालकी. जगभरच्या धोरणकर्त्यांनी हे वेदवाक्य मानलं. ऑस्ट्रॉमबाईंना वेस्ट बेसिन आठवत होतं, तिथे लोकांनी तिसरंच काही केलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभर विखुरलेले अभ्यास गोळा केले. मानववंशशास्त्रज्ञांचे, शेतीवाल्यांचे, मासेमारीवाल्यांचे. स्वित्झर्लंडच्या त्योर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम होता की हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. नियम साधा, आणि मोजायला तर त्याहून सोपा. तुर्कस्तानच्या अलान्या बंदरात दर सप्टेंबरात मासेमारीच्या जागांची सोडत निघायची, आणि रोज प्रत्येक होडी एक जागा पुढे सरकायची, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला यायची. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, जपानमधल्या गावांची सामायिक रानं, फिलिपाइन्सचे पाणीसंघ, नेपाळचे कालवे. यांतून १९९० साली त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आलं आणि त्यात त्यांनी टिकलेल्या व्यवस्थांमध्ये दिसणारी आठ सूत्रं मांडली. हद्द आणि हक्कदार स्पष्ट असणं, नियम तिथल्या परिस्थितीला धरून असणं, नियम बदलण्यात वापरणाऱ्यांना वाटा असणं, राखण करणारे त्यांनाच बांधील असणं, दंड पायरीपायरीने वाढणं, भांडण स्वस्तात आणि जवळ मिटणं, सरकारने त्यांचा नियम करण्याचा हक्क मानणं आणि मोठ्या व्यवस्थेत हे सगळं थरांथरांनी बसवलेलं असणं.

न टिकलेल्या व्यवस्थाही त्याच पुस्तकात आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांवर सोडा म्हणजे सगळं छान होईल, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

मुंबईकरांना यातलं काय पटतं, काय नाही, ते ऐकायचं आहे.

मुलुंड_सेक्रेटरी

सर, उत्तम लेख. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे दंडाच्या सूत्रापाशी थांबलो. आमच्याकडे बोअरवेलच्या पाण्याने गाड्या धुण्यावरून वाद होता. सर्वसाधारण सभेने पहिल्याच झटक्यात दणदणीत दंड लावला. कुणीच भरला नाही, वसूल करायची कुणाची हिंमत झाली नाही आणि नियम कागदावर राहिला. पुढच्या समितीने वेगळं केलं. पहिल्यांदा फक्त वॉचमनने वहीत नोंद करायची, दुसऱ्यांदा जिन्याखालच्या फलकावर फ्लॅट नंबर, तिसऱ्यांदा थोडे पैसे. तिसऱ्या पायरीपर्यंत प्रकरण गेलंच नाही. आम्ही हे वैतागून केलं होतं, पण त्यामागे कुणाचा तरी जन्मभराचा अभ्यास आहे हे वाचून बरं वाटलं. हलका दंड का चालतो, याचं त्या काय कारण देतात?

शिवडीकर

त्यांचं म्हणणं असं की नियम मोडणारा प्रत्येक जण लबाड नसतो. कुणी विसरतो, कुणाची त्या दिवशी खरंच अडचण असते. पहिल्या वेळी हलकी समज दिली की दोन गोष्टी होतात. त्याला कळतं की आपल्यावर लक्ष आहे, आणि इतरांना कळतं की आपण एकटेच नियम पाळणारे खुळे नाही. हा दुसरा भाग जास्त मोलाचा. बाकीचे पाळताहेत ही खात्री असेपर्यंत माणूस पाळतो. पुढे त्यांनी प्रयोगशाळेतही हे तपासलं. विद्यार्थ्यांना सामायिक संपत्तीचे खेळ खेळायला लावले. एकमेकांशी बोलू दिलं की निकाल सुधारायचा, बोलणं बंद ठेवलं की सगळे ओरबाडायला लागायचे.

वेसावकर

शिवडीकर काका, मी वेसाव्याचा. आमचे आजे-पणजे दर्यावर, माझा भाऊ अजून बोटीवर आहे. तुम्ही अलान्याचं लिहिलंत ते वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

आमच्याकडे डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, जागा ठरलेल्या. कुणाचा खुंट कुठे, हे गावाला तोंडपाठ. भरती-ओहोटीवर डोल चालते, त्यामुळे जागेला किंमत आहे, आणि जागेवरून तंटा झाला तर तो आधी गावात बसून मिटायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच पाण्यात न्यायच्या, हे कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै आहे. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी त्यानंतर येते, म्हणजे जुना नियम सरकारीपेक्षा कडक होता.

पण पहिलं सूत्र आमच्याकडे मोडलंय. हद्द. समुद्राला कुंपण नाही. गावाचा नियम गावाच्या माणसाला. बाहेरून पर्ससीनवाला, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्ख्या थव्याला वेढा घालणारा, येतो, रात्री एलईडी लावून मासळी गोळा करतो, बंदी असून करतो. आम्ही पिल्लं मोठी व्हायची वाट बघायची आणि त्याने ती खरवडून न्यायची? मग आमची तरुण पोरं विचारतात, आपणच का थांबायचं? तुम्ही वर लिहिलंत ना, बाकीचे पाळताहेत ही खात्री असेपर्यंत माणूस पाळतो. तेच तुटलंय. कोळ्यांनी आपली व्यवस्था बिघडवली असं कुणी म्हणालं की रक्त उसळतं.

शिवडीकर

वेसावकर, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाला पुढे नेणारा आहे. तुम्ही सांगितलंत ते सातव्या आणि आठव्या सूत्राचं अपयश आहे. गावाने जागा ठरवली तरी राज्याने ती मान्य करून राखली नाही, तर बाहेरच्याला अडवायची ताकद गावाकडे उरत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, पण राखण करणारे मच्छीमारांना बांधील असावेत ही कल्पना त्या चौकटीत कुठे बसते? गस्तीची बोट कधी निघणार हे किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात नाही. ऑस्ट्रॉमबाईंनी न टिकलेल्या व्यवस्थांमध्ये मासेमारीचीच उदाहरणं दिली आहेत. तुर्कस्तानच्याच बोद्रुम आणि इझमिरच्या आखातात वेगवेगळ्या प्रकारच्या बोटी वाढत गेल्या आणि कुणालाच सगळ्यांना बांधणारा नियम करता आला नाही. एकाच देशात अलान्या टिकलं आणि बोद्रुम बिघडलं.

पांझराकाठ

मूळ धुळ्याचा, आता कल्याणला स्थायिक. जगभरची उदाहरणं आली, आपली फड पद्धत कुणीच काढली नाही म्हणून लिहितो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे, त्यातून निघणारे पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस तर पुढे त्यात दुसरं पीक, अशी फेरपालट. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. पाणी कमी असलं तर सगळ्यांनाच कमी. तीन-चारशे वर्षं चाललेली व्यवस्था. नदीवर वर मोठी धरणं झाली, खाली येणारं पाणी बदललं, विहिरी आणि मोटारी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. आमचे आजोबा पाटकऱ्याचं नाव आदराने घ्यायचे. तो कुणाचा नातेवाईक आहे हे पाणी सोडताना दिसत नसे, असं ते सांगायचे.

मुलुंड_सेक्रेटरी

याच ओळीत हिवरे बाजार येईल. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, ऊस-केळीला बंदी, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. आणि गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच वर्षी हे नोबेल.

निळी_पहाट

चर्चा वाचली. सगळ्यांच्या बोलण्यात गाव म्हणजे एक कुटुंब असल्यासारखं येतंय, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

महाडचं चवदार तळं ही सामायिक संपत्तीच होती. हद्द स्पष्ट होती. हक्कदार कोण ते गावाला तोंडपाठ होतं. राखण करणारे होते आणि नियम मोडणाऱ्याला दंडही होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींना झालेली मारहाण हा तो दंड. सूत्रं मोजायला बसलं तर व्यवस्था ‘टिकाऊ’ ठरते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्यांविषयी इतकं कठोर का बोललं, ते यातून कळतं. फडाच्या पाण्यात गावकुसाबाहेरच्या माणसाला वाटा होता का? जमीनच नव्हती तर वाटा कुठला! कोळीवाड्याच्या बैठकीत मासळी विकणाऱ्या बायकांचं मत घेतलं जायचं का? ऑस्ट्रॉमबाईंबद्दल मला आदर आहे, त्यांनी स्वतः भेदभाव सोसून काम केलं. पण व्यवस्था टिकली का, एवढाच प्रश्न विचारला तर न्याय झाला का, हा प्रश्न मागे पडतो.

वेसावकर

ताई, बायकांचं विचारलंत म्हणून सांगतो. बाजार पूर्ण त्यांच्या हातात, पैसा त्यांच्या हातात. पण जागेच्या बैठकीला पुरुषच बसायचे. खरं ते खरं.

शिवडीकर

निळी_पहाट, या धाग्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तुमचा आहे. माझं मत मांडतो.

एक म्हणजे, त्यांचं तिसरं सूत्र असं की नियमाची झळ ज्यांना बसते त्यांतल्या बहुतेकांना नियम बदलण्यात भाग घेता आला पाहिजे. चवदार तळ्याला ही कसोटी लावली तर ती व्यवस्था तिथेच नापास होते. पण तुम्ही म्हणाल, झळ कुणाला बसते हे ठरवणारेही तेच. बरोबर आहे. पहिल्या सूत्रातली हद्द कुणी आखली, हे त्यांच्या मांडणीत पुरेसं विचारलेलं नाही, आणि त्यांच्या नंतरच्या अभ्यासकांनी सत्ता आणि विषमतेबद्दल हीच टीका केली आहे.

दुसरं, महाडची सुटका गावातून झाली नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी लोकांना उतरावं लागलं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आला. विधिमंडळ, नगरपालिका, चळवळ, न्यायालय. निर्णयाची अनेक केंद्रं असतील तर एका ठिकाणी दबलेल्या माणसाला दुसरीकडे दाद मागता येते. बहुकेंद्री व्यवस्थेची बाजू घेताना मला हाच मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो, आणि तो स्वित्झर्लंडच्या कुरणापेक्षा महाडवरून जास्त चांगला शिकवता येतो. तरीही तळं खुलं व्हायला दहा वर्षं कोर्टात जावी लागली, हे तुमच्या बाजूचं आहेच.

भांडुप_पश्चिम

बहुकेंद्री शब्द आला म्हणून विचारतो. शहरांबद्दल त्यांनी काही काम केलं आहे का? सगळी उदाहरणं गाव, शेत, जंगल यांचीच दिसताहेत. आम्हाला नगरसेवक हवा की प्रशासक, एवढाच प्रश्न कळतो. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं वॉर्डातल्या गटाराची तक्रार कुणाकडे न्यायची हेच कळत नव्हतं.

शिवडीकर

भरपूर केलं आहे, आणि ते गायरानांच्या आधीचं. १९६१ मध्ये व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम, चार्ल्स टिबू आणि रॉबर्ट वॉरन यांनी महानगरांच्या कारभारावर लेख लिहिला. अमेरिकेत तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती, छोट्या नगरपालिका आणि पोलीस खाती बंद करा, एकच मोठी यंत्रणा करा. या तिघांनी विचारलं, कोणत्या कामासाठी? एलिनॉर यांनी १९७० पासून ते प्रत्यक्ष तपासायला घेतलं. इंडियानापोलिसमध्ये लहान उपनगरांची स्वतःची पोलीस खाती आणि तशाच वस्त्यांत काम करणारं मोठं शहरी खातं यांची तुलना केली. विद्यार्थ्यांना घेऊन घरोघर जाऊन लोकांना विचारलं : पोलीस किती वेळात येतात, नीट बोलतात का, चोरीचा छडा लागतो का. पुढे शिकागो, सेंट लुइस आणि मग ८० महानगर क्षेत्रं. गस्त आणि तातडीने धावून जाणं यांत लहान खाती सरस किंवा बरोबरीची निघाली. गुन्ह्यांची प्रयोगशाळा, संदेशयंत्रणा अशा कामांत मात्र मोठेपणाचा फायदा होता. म्हणजे कामागणिक योग्य आकार वेगळा. आपल्या मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, वर प्राधिकरणं आहेत. केंद्रं पुष्कळ झाली, पण नागरिकाला यांतल्या किती ठिकाणी नियम बदलण्यात भाग घेता येतो? ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, त्यांत तुम्ही-आम्ही कधी बसलो?

याच कामातून १९७३ साली एलिनॉर आणि व्हिन्सेंट यांनी इंडियाना विद्यापीठात त्यांचं संशोधन केंद्र काढलं. त्याला त्यांनी ‘वर्कशॉप’ म्हटलं, कारण व्हिन्सेंट सुतारकाम करायचे आणि संशोधनही उस्ताद आणि शागिर्दाने एका बाकावर बसून करायचं असतं, असं दोघांचं मत होतं. नोबेलचे पैसे बाईंनी तिथेच दिले. १२ जून २०१२ रोजी त्या गेल्या, १७ दिवसांनी, २९ जूनला, व्हिन्सेंट गेले.

मृण्मयी_डोंबिवली

सर, मी कलिनाला एम.ए. करतेय, नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागात. लघुप्रबंधाला विषय शोधत होते. वाचायला सुरुवात कुठून करू? आणि भारतावर त्यांनी स्वतः काही केलं आहे का?

शिवडीकर

नोबेलच्या वेळचं व्याख्यान आधी वाच, डिसेंबर २००९ चं. सगळी कारकीर्द त्यांनी त्यात स्वतःच मांडली आहे. भारतासाठी हरिणी नागेंद्र यांच्याबरोबरचा २००६ चा लेख बघ. त्यात नेपाळचं चितवन, पश्चिम बंगालचं महानंदा आणि आपलं ताडोबा-अंधारी आहे. उपग्रहाची चित्रं आणि गावांत जाऊन केलेल्या मुलाखती एकत्र ठेवल्या आहेत. जंगल सरकारी की गावाचं, एवढ्यावरून त्याची स्थिती ठरत नाही, हद्दीची राखण कोण आणि कशी करतं यावर ठरते, असा निष्कर्ष आहे.

मी तुझ्या जागी असतो तर विषय कोळीवाड्याचा घेतला असता. डोलीच्या जागांचे नियम कुणी केले, कुणाला विचारून केले, आता कुठे मोडतात. आणि निळी_पहाट यांचा प्रश्न पहिल्या प्रकरणातच घालायचा, शेवटी मर्यादा म्हणून नाही.

निळी_पहाट

आणि मुलाखती बायकांच्याही घे. एकटीच घे, घरातले पुरुष शेजारी नसताना.

वेसावकर

मृण्मयी, ये खुशाल. मात्र नारळी पौर्णिमेच्या नंतर ये. बंदीत माणसं घरी असतात म्हणून सगळे पाहुणे तेव्हाच येतात आणि ऐकीव गोष्टी लिहून नेतात. धंदा सुरू असताना ये, बोट लागायच्या वेळी बंदरावर उभी राहा, मग माझ्या आईबरोबर बाजाराला जा. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या जुन्या वह्या आहेत, जागांच्या तंट्यांच्या नोंदी त्यांत सापडतील. त्या बघू द्यायच्या की नाही हे समितीला विचारावं लागेल, मी पुढच्या बैठकीत विषय काढतो.